व्हिडिओतला मॅनेजर

डॉक्टरांच्या वेटिंग रूममध्ये एकच खुर्ची रिकामी होती आणि ती विमा कंपनीच्या एका मॅनेजरने घेतली. त्याची बायको हातात फाइल घेऊन शेजारी उभी राहिली. तो मोबाइलवर कंपनीची ऑनलाइन परीक्षा देत होता. मी पलीकडच्या खुर्चीत होतो.

"अहो, परत नापास?"

"तिसऱ्यांदा. आज पाच वाजायच्या आत पास झालो नाही, तर शाखा गेली हातातून."

"पण ट्रेनिंगच्या व्हिडिओत तर तुम्हीच आहात!"

"बारा वर्षांपूर्वीचा. तेव्हा केस होते."

"परीक्षा केसांची आहे का? प्रश्न काय आहे?"

"नवरा गेलेली बाई क्लेम घेऊन आली, तर मॅनेजर आधी काय म्हणतो?"

"मग तुम्ही काय लिहिलंत?"

"झेरॉक्स आणलीय का?"

"अरे देवा! व्हिडिओ बघा ना नीट."

"बघवत नाही गं. फार गोड बोलतो तो."

"लावा. मी बघते."

मोबाइलमधून तरणा आवाज आला, "बसा ताई. पाणी घ्या. कागद नंतर बघू."

"किती छान बोलता हो! मला नाही कधी असं म्हणालात."

"तू क्लेम कुठे केलास?"

"आत्ता करते. पाऊण तास उभी आहे मी. पेशंट मी आहे."

तो उठला.

"बस. पाणी आणू?"

"आधी हेच तिथे लिहा."

त्याने लिहिलं.

"झालात पास?"

"झालो."

तेवढ्यात आतून तिचा नंबर पुकारला. ती बसता बसता उठली.

"अगं, थांब."

"आता काय?"

"रिपोर्टची झेरॉक्स आणलीस ना?"