माझ्या काचेवर ठसा नसतो

मी, प्रयोगशाळेत ‘काचमावशी’ या नावाने ओळखली जाणारी, वय ५१ वर्षे, व्यवसाय प्रयोगशाळेतील काचसामान धुणे, राहणार प्रयोगशाळेमागची गल्ली, दुसरा मजला, पोलीस ठाण्यात समक्ष विचारल्यावरून सांगते की,

मी तिथे बावीस वर्षं कामाला आहे. तिथे पेशींमधली चरबी वेगळी काढून यंत्रावर तपासतात. सारख्याच वजनाच्या दोन चरब्या ओळखताना यंत्राचीही तारांबळ उडते. त्यात बाहेरची चरबी मिसळली की सगळं मुसळ केरात.

सोमवारी सकाळी दहा वाजता संशोधक ताईंच्या चाळीसच्या चाळीस नमुन्यांत एक अनोळखी चरबी निघाली. चार वर्षांचं काम होतं. कुणीतरी मुद्दाम मिसळलं, अशी प्रयोगशाळेच्या साहेबांनी पोलिसांत तक्रार दिली. तुमच्या पोलिसांनी नळ्यांवर बोटांचे ठसे शोधले. नळ्या धुते मी, आणि माझा एकही ठसा नाही. म्हणून पुसून टाकले असा संशय माझ्यावर आला.

मी ठसे पुसले नाहीत, मुळात उमटवलेच नाहीत. बोटालाही चरबी असते. हातमोज्यांशिवाय मी काचेला हात लावत नाही, थंडीत हात फुटले तरी मलम लावत नाही. नवरा म्हणतो, घरी चहाचा कप तरी उघड्या हाताने दे.

मी ताईंना विचारलं, कोऱ्या नळीत काय आलं? दर खेपेला एक रिकामी नळी सगळ्या पायऱ्यांतून नेतात. तिचा निकाल कुणी उघडलाच नव्हता. तिच्यातही तीच चरबी निघाली. जिच्यात पेशीच नाहीत, तिच्यात चरबी कुठून येणार?

गेल्या आठवड्यापासून द्रव ओढायच्या पिचकारीला काचेऐवजी प्लास्टिकची टोकं लावतात. चरबी विरघळवायला जो क्लोरोफॉर्म वापरतात, तो प्लास्टिकमधलं चोपडंही ओढून घेतो. मी तेव्हाच बोलले होते. साहेब म्हणाले, “मावशी, तुम्ही धुण्याचं बघा.”

मंगळवारी दुपारी चार वाजता ताईंनी दोन्ही टोकांनी नुसता क्लोरोफॉर्म ओढून तपासला. प्लास्टिकवाल्यात ती चरबी निघाली, काचवाल्यात काही नाही. प्रत्येक नमुन्याचा अर्धा भाग फ्रीजरमध्ये शाबूत आहे, त्यामुळे ताईंचं काम वाचलं. ताई रडल्या. साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, “मावशी, चुकलं माझं.” हे वाक्य कागदावर यावं, असा माझा आग्रह आहे.

माझी काच स्वच्छ होती. बावीस वर्षं स्वच्छच आहे.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, मी सांगितल्याप्रमाणेच आहे. सही केली आहे. शिवाय अंगठा हवा असेल तर इथे कागदावर घ्या, काचेवर मिळायचा नाही.