भेगेवरची पट्टी

“कड्याखाली पोराला घेऊन उभी राहू नकोस,” असं मजुरांनी पुलेंगला बजावलं होतं. तिने ते हसण्यावारी नेलं. लेसोथोच्या त्या घाटात सावली तेवढीच.

आज पाठीला बाळ बांधून ती तिथेच टॅक्सीच्या रांगेत उभी होती. पुढे रस्त्याचा इंजिनियर गावच्या मामोलेफी आजींची समजूत काढत होता.

“आजी, घाबरू नका. कड्याच्या भेगेवर मी प्लास्टरची पट्टी लावलीय. कडा सरकला तर ती तडकते. चार महिन्यांत एक तडा नाही!”

“जाईल कसा? मी आहे ना.”

“म्हणजे?”

“तीनदा तडकली. तीनदा शेणमातीने लिंपून वर चुन्याचा हात दिला. तुला कळलंसुद्धा नाही!”

“अहो, कुणी सांगितलं होतं?”

“सांगायला कशाला हवं? तडकलेली भिंत आमच्या बायका तशी ठेवत नाहीत. तुझंच काम कच्चं, बाबा.”

“शेवटची कधी लिंपलीत?”

“काल. बोट जाईल एवढी फट होती.”

“मागे व्हा! सगळे मागे! गाड्या थांबवा!”

“अरे, आभार तरी मान!”

रांग पळाली, पुलेंगही पळाली. पण कड्याच्या पलीकडे कणसं भाजत बसलेल्या माथाबोला कानाने ऐकू येत नाही. तुम्ही त्या बाजूने येत असाल, तर ती तिथून उठली का, तेवढं बघाल?