सावित्रीबाईंचा कॉलेजचा ईमेल

सन्माननीय अध्यक्ष प्राचार्य हिंदुराव सर, व्यासपीठावरचे मान्यवर पाहुणे, आज ज्यांना निरोप द्यायचाय ते संगणक विभागाचे दिग्विजय सर, ग्रंथालयाच्या तनुजाताई, आणि मागच्या रांगेत नेऊन बसवलेली माझी निघोज गावची मंडळी, सगळ्यांना शालनबाईचा नमस्कार.

गावाच्या वतीनं दोन शब्द चांगले बोला, असं मला बजावून सांगितलंय. माझी शाळा चौथीपर्यंत. चांगले शब्द मुळात थोडे, त्यातले बरेचसे आधीच्या वक्त्यांनी संपवले.

आत्ताच पाहुणे म्हणाले, दिग्विजय सरांनी कॉलेजचा डिजिटल संग्रह पळता केला. पूर्वी नुसतं चाक फिरत बसायचं, आता बोट लावलं की उघडतो. टाळ्या पडल्या. मी नाही वाजवल्या. तो का पळतो, हे एकानं तरी विचारलं का?

बैलगाडा शर्यतीत घाटावर पुकारा करणारे आमचे सोनबा आठवतात ना? गाडा सुटला की कंपनीचा भोंगा त्यांच्यापुढं फिका. कॉलेजची पोरं घरी येऊन त्यांचा पुकारा रेकॉर्ड करून गेली. म्हणाली, संग्रहात ठेवलाय, आता कायमचा राहील. गेल्या साली सोनबा वारले. घरात दुसरी नक्कल नाही. कायमचा म्हटल्यावर कोण ठेवतं?

संग्रह उघडायला कॉलेजनं अख्ख्या गावाला एकच खातं दिलं, एकच पासवर्ड. यात्रेला सगळ्यांनी एकदम उघडला. सोनबांच्या आवाजाशिवाय यात्रा कसली? झालं, संग्रह बसला.

मी दिग्विजय सरांकडं गेले. सर म्हणाले, "मावशी, एका खात्यातून एवढी माणसं घुसली. सिस्टिमला वाटलं चोर आले."

मी म्हटलं, "चोर पोराबाळांसकट येतात व्हय?"

हसले नाहीत. मोबाईल बंद करून चालू करा म्हणाले. केला. ब्राउझर बदला म्हणाले. सुनेनं बदलला. नेट स्लो असेल म्हणाले. अहो, त्याच नेटवर तुमचे सत्काराचे फोटो दिसतात की!

मग एक दिवस संग्रह खरंच पळायला लागला. आमचं खातं बंद करून टाकलं होतं. आता आत जायला कॉलेजचा ईमेल लागतो. सोनबांच्या पत्नी सावित्रीबाई, त्या बघा दाराशी बसल्यात, त्यांना सरांनी तोंडावर विचारलं, "आजी, तुमच्याकडं कॉलेजचा ईमेल हाय का?"

त्या म्हणाल्या, "बाबा, माझं कॉलेज न्हाई झालं, लगीन झालं."

तिथं सर हसले. मला ते हसणं अजून पचलेलं नाही. गर्दीनं संग्रह दमला, तर त्याची ताकद वाढवायची की माणसं हाकलायची? गावाचा नळ तोडला की टाकी भरलेलीच दिसणार. त्याला पाणीपुरवठा सुधारला म्हणतात का, अध्यक्ष महाराज?

तनुजाताईंना म्हटलं, तुम्ही द्या खातं. बिचाऱ्या म्हणाल्या, बाहेरच्या माणसाला आत घ्यायचा अधिकार फक्त सरांच्या लॉगिनला, आणि तो आज संध्याकाळी बंद होणार. सर उद्यापासून हिंजवडीला. नवा माणूस? "मागणी वर गेलीय." वर म्हणजे कुठवर, ते सोनबांनाच ठाऊक.

म्हणून सर, गावानं आणलेली ही शाल मी अजून घडी मोडून दिलेली नाही. समोर लॅपटॉप आहे, भिंतीवर स्पीकर आहेत, तुमचा लॉगिन अजून जिवंत आहे. उठा. सावित्रीबाईंच्या नावानं खातं काढा. सोनबांचा पुकारा या हॉलमध्ये लावा, आणि एक नक्कल त्यांच्या हातात द्या. मग शाल घालते, नारळ देते, पाहिजे तर ओवाळतेही.

तुम्ही मला एवढा वेळ बोलू दिलंत, आभारी आहे. तोंडाला लगाम राहिला नसेल तर थोरांनी पोटात घालावं. पण सर खुर्चीतच बसून राहिले, तर माझं बोलणं कुणी पोटात घालू नका, ध्यानात ठेवा.

सावित्रीबाई, पुढं या. इथं, स्पीकरजवळ बसा.