पोटाची रेघ

—नाही, मी नाही बसत, तू बस. त्या मांजराच्या खुर्चीत नको, बाकी कुठंही बस गं पोरी. मला आता एका जागी टिकताच येत नाही — आणि गंमत बघ, तेव्हा आर्ट कॉलेजात मॉडेल म्हणून उभी राहिले की चाळीस-चाळीस मिनिटं पापणी हलवायची नाही मी! आण तो चित्राचा फोटो. हो, मीच ही. कशावरून? अगं, डावी मांडी बघ, लालबुंद — कॉलेजातला रॉकेलचा स्टोव्ह त्याच बाजूला असायचा. आणि उजव्या गुडघ्यावर निळा पेस्टल खडू का घासलाय? काकडत होते म्हणून! लीड्सची जानेवारीतली थंडी, आणि अंगावर चिंधी नाही. हे चित्र काढणारे हॅलम सर माझ्या पावलांभोवती खडूनं रेघ मारून ठेवायचे — पुढच्या गुरुवारी पावलं बरोब्बर तिथंच. झाडणाऱ्या बाईला ताकीद होती, पुसायचं नाही.

आणि तुमच्या म्युझियमच्या पुस्तकात काय लिहिलंय — चित्रकाराला पोटाची रेघ सापडत नव्हती, चारदा खोडली? कोण हा शहाणा? सरांनी डोळे मिटून काढली असती! कोळशानं काढलेलं पुसलं तरी मागची रेघ दिसत राहते, हे खरं. पण चुकलं कोण? कोणीच नाही. पावलं तिथंच होती, पोट पुढं येत होतं. जानेवारी ते मार्च, दर गुरुवारी जरा जरा—

हे मी का सांगतेय तुला? थांब, नॉर्मन कुठंय बघते. बागेतच आहे, कांदे लावतोय. त्याला ठाऊक नाही. एक्केचाळीस वर्षं झाली लग्नाला, भला माणूस आहे, पण माझीच हिंमत झाली नाही. कुणाचं ते विचारू नकोस — सरांचं नव्हे, एवढं सांगते. माझ्या आईच्याही आधी सरांना कळलं. त्यांनी नुसता स्टोव्ह जवळ सरकवला आणि बिस्किटांचा डबा पुढं केला.

मुलगी झाली. सहा आठवडे होती माझ्याजवळ, मग दत्तक घेणारी माणसं आली आणि घेऊन गेली, मी विणलेली टोपी होती डोक्यावर. आम्हा दोघींचं एकत्र असं हे एकच चित्र आहे, कळतंय का तुला?

काय? चित्राखाली माझं नाव घालायचं? नको. नको गं बाई, नॉर्मन बघेल, शेजारी बघतील. 'उभी स्त्री' लिहिलंय तेच बरं.

थांब. वही मिटू नकोस. लिही — थेल्मा ॲक्रॉइड. आताचं नाही, माहेरचंच. तिच्या जन्मदाखल्यावर तेच आहे. आणि कोणी बाई हे नाव शोधत आली ना, चव्वेचाळीस-पंचेचाळीसची, तर तिला—

मागचं दार वाजलं, नॉर्मन आला. चहा राहू दे. ऊठ पोरी, नीघ तू आता.