सहा ताटं, पितळेची

हॅलो?… हां वहिनी, बोल… नाही गं, मधली सुट्टीच आहे. थांब, जिन्यात येते. आत सगळ्यांचे डबे उघडलेत, काही ऐकू येत नाही… हां, आता बोल.

दादाचा सत्कार? कोण करतंय?… कारागिरांच्या शाळेत. अरे वा… रविवारी… येणार म्हणजे काय, येणारच. सख्ख्या भावाचा सत्कार आणि मी घरी बसू?… चाळीस वर्षं पितळ ठोकलं त्यानं, शेवटी कुणीतरी दखल घेतली म्हणायची.

हो… हो… मांडणार म्हणजे? टेबलावर?… त्यानं घडवलेली भांडी. बरोबर आहे… आणि घरात एकही नाही? काय सांगतेस वहिनी… हो ना, जे केलं ते गिऱ्हाइकाकडे गेलं. खरं आहे.

कुठली ताटं?

… माझ्या लग्नातली. हो… आठवतात ना. सहा ताटं, सहा वाट्या… माहीत आहे गं, पाच महिने सुट्टीच्या दिवशी बसून केली होती… हो, त्याच्या हातचं सगळ्यात चांगलं काम. दर वेळी सांगतेस तू.

आहेत ना… माळ्यावर असतील… ते खोकं काढायला शिडी लागते, आणि यांची कंबर धरली आहे… नाही, कुणाला पाठवू नकोस… अगं ऐक ना… वहिनी, ऐक ना जरा… मी बघते म्हटलं ना.

… चिडले नाही मी.

… वहिनी, ताटं नाहीत माझ्याकडे.

नाही, चोरीला नाही गेली… हरवलीही नाहीत. मी दिली. देऊन टाकली… यांच्या साहेबांच्या मुलीचं लग्न होतं. यांना लांब पाठवायचं घाटत होतं, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. म्हटलं, भेट जरा नजरेत भरेल अशी द्यावी. खोकं होतंच कपाटात, जसंच्या तसं. वरचा कागद तेवढा बदलला… चौदा वर्षं झाली… नाही. एकदाही नाही जेवलो त्यांत. पितळ काळं पडतं, घासत कोण बसणार. आतली कल्हई उडाली की आंबट वाढता येत नाही, मग पुन्हा कल्हई करून आणा… हो. ते पण होतं. सगळ्यांकडे काचेच्या ताटल्या, आणि मी पितळेचं ताट काढायचं. लाज वाटायची थोडी.

वहिनी, दादाला सांगू नकोस. हात थरथर कापायला लागल्यापासून तो आधीच गप्प गप्प असतो. सांग की माळ्याचं दार अडकलंय, सांग काहीही… काय?

फोन स्पीकरवर आहे?

… तो तिथेच बसलाय.

… दादा.

दादा, मी… नाही, तू बोल… काय? माहीत होतं तुला?… कधीपासून?

… नऊ वर्षं.

ती मुलगी स्वतः आली दुकानात? कल्हई करून घ्यायला?… आणि तू ताटं ओळखलीस. हो, आपल्याच हाताचा ठोका तो, न ओळखून कसं चालेल… काय विचारलंस तिला?… आणि ती काय म्हणाली?… 'वडिलांच्या कचेरीतल्या कुणीतरी दिली.' कुणीतरी. नावसुद्धा लक्षात नाही तिच्या… आणि तू काही बोलला नाहीस. कल्हई करून, कापडात बांधून दिलीस परत… वहिनीलाही नाही सांगितलंस?

ताटाच्या पाठीला? नाही, मी कधी उलटं करून नाही पाहिलं… काय कोरलं होतंस?

… चिमणी.

सहाही ताटांना?… तू मला चिमणी म्हणायचास म्हणून… नाही रे, खरंच माहीत नव्हतं मला. कापड सोडून वरवर पाहिलं, 'छान आहेत' म्हटलं, आणि ठेवून दिली… ती मुलगी काय म्हणाली, दुकानाची खूण आहे?… आणि तू हो म्हणालास.

दादा, थांब. म्हणून माझ्या लेकीच्या लग्नात तू मिक्सर दिलास?… मी बोलले होते. सगळ्या बायकांत बोलले होते, भाऊ एवढा कारागीर आणि भाचीला दुकानातला मिक्सर… तू दारातच उभा होतास? म्हणजे ऐकलं होतंस… 'उपयोगी पडेल ते द्यावं म्हटलं.' … रागावला असतास तर बरं झालं असतं रे. चार शब्द सुनावले असतेस. दर वेळी येतोस, काचेच्या ताटलीत जेवतोस, भाजी चांगली झाली म्हणून सांगून जातोस.

काय?… कल्हई पार उडाली होती? सहाही ताटांची?… हो, रोज जेवल्याशिवाय कशी उडेल… तुला बरं वाटलं?… नको ना असं म्हणूस… नाही, खोटं नाहीच. माझ्या कपाटात पडून राहिली असती. पण तू नको म्हणूस ते.

… नाही रडत. जिन्यात माणसं आहेत, वर-खाली करतायत.

एक विचारू?… ताट नको. एक वाटी. लहानशी… माझ्यासाठी करून देशील?

…

हो… हो रे, माहीत आहे. पेलासुद्धा दोन्ही हातांनी धरावा लागतो… नाही, उगाच विचारलं मी. चुकलंच माझं… नको, तू नको वाईट वाटून घेऊस. तू कशाला?

ऐक, मी आज कचेरी सुटल्यावर यांच्या त्या साहेबांकडे जाते. त्या मुलीचा पत्ता घेते… परत मागायला नाही. ती तिचीच आहेत आता. रविवारपुरती मागते… सांगेन ना. म्हणेन, ही माझ्या भावाच्या हातची आहेत, माझ्यासाठी केली होती त्यानं, आणि मी… हो, तेही सांगेन. सगळं सांगेन… वाटू दे यांना काय वाटायचं ते… नाही म्हणाली तर नाही. ऐकून घेईन… नको, फोनवर नाही. जाऊनच सांगायला हवं.

… बरं. जेव तू. वहिनीला सांग, संध्याकाळी कळवते… ठेव… दादा, चालूच आहे फोन… लाल बटण, खाली… अंगठा निसटतोय?… नको, वहिनीला हाक मारू नकोस.

राहू दे. मीच बंद करते इकडून.