आत्याची खुर्ची आणि काकाचे बेचाळीस किलोमीटर

दोष आत्याचा. आधीच सांगून टाकतो, नंतर 'परिस्थितीच तशी होती' वगैरे नको. परिस्थिती कसलीही नव्हती! काका शनिवारी एकटा बसने जाणार होता, रविवारी मॅरेथॉन पळणार होता आणि संध्याकाळी गुपचूप परत येणार होता. विमा कचेरीतला कारकून, वय सत्तेचाळीस, आठ महिने पहाटे उठून घरात कुणाला कळू न देता पळत होता बिचारा... आणि आत्याला त्याच्या पिशवीत पळायचे बूट सापडले. झालं! "आपण सगळेच जाऊ! त्याला धीर द्यायला!" अहो, धीर मागितला कुणी होता? काकाचा चेहरा तेव्हा बघायला हवा होता. चोरी पकडल्यासारखा.

मग प्रश्न, गाडी कोण चालवणार? बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, आईला येत नाही, आत्याला जगातलं सगळं येतं, तेवढं सोडून. सगळ्या माना एकदम माझ्याकडे वळल्या. "तू काय, मोकळाच आहेस!"

तुम्हाला सांगतो, इंजिनिअरिंग तिसऱ्या वर्षाला सोडल्यापासून हे माझं नावच पडलंय. गॅसवाला यायचाय? तू काय, मोकळाच आहेस. शेजारच्यांचा पंखा उतरवायचाय? मोकळाच आहेस! आणि त्या रविवारी मी मोकळा नव्हतो हो! आमच्या चौकात सायकलींचं दुकान आहे, तिथल्या मालकांना सगळे वस्ताद म्हणतात, दोन वर्षांनी पहिल्यांदा ते हाताखाली माणूस घेणार होते. मला म्हणाले, "रविवारी एक वाजता ये. वाकडं चाक देईन, आऊट काढून दाखव. चाक सरळ फिरलं तर सोमवारपासून काम सुरू. उशिरा आलास तर येऊच नकोस." तीन आठवडे मी गच्चीवर जुनं चाक उलटसुलट करून एकेक तार पिळत बसलो होतो. घरी सांगितलं तर बाबा काय म्हणाले? "पंक्चर काढायला जाणार?" पंक्चर! ज्या माणसाला स्टुलाचा डुगडुगणारा पाय चाळीस वर्षांत बसवता आला नाही, तो मला पंक्चर सांगतो.

तरी मी अट घातली. शर्यत पाचला सुरू, काका पाच तासांत संपवतो म्हणतोय, दहाला निघायचं, अडीच तासांत घरी. सगळ्यांनी मान डोलावली. आमच्या घरात मान डोलावणे म्हणजे ऐकू आलं, एवढंच.

आता आमच्या घरातली एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं तुम्हाला खोटं वाटेल. आमच्याकडे मोठ्यांनी "थांब" म्हटलं की धाकट्याने थांबायचं. आत्या सगळ्यांत मोठी, मग बाबा, मग काका. काका शेंडेफळ! सत्तेचाळीस वर्षं हा माणूस थांबत आलाय. लग्न ठरवताना थांबला, बदलीच्या गावी जाताना थांबला, एकदा तर जिन्याच्या मधल्या पायरीवर अर्धा तास थांबला होता, कारण बाबा "थांब, आलोच" म्हणून आंघोळीला गेले होते.

तर दहाव्या किलोमीटरला आम्ही उभे. सव्वासहा वाजलेत, शेकडो माणसं पळतायत, त्यात काका मस्त लयीत येतोय, चक्क हसतोय हो! मी त्याला हसताना कधी पाहिलंय? आणि बाबा ओरडले, "अरे, थांब!"

थांबला.

मॅरेथॉनमध्ये! मागचे दोघे त्याच्यावर आदळता आदळता वाचले. बाबा म्हणाले, "श्वास नाकाने घे." आयुष्यात बसमागेसुद्धा न पळालेला माणूस! काका म्हणाला, "हो दादा." शिट्टीवाला स्वयंसेवक धावत आला, "आजोबा, रस्त्यातून बाजूला व्हा!" तर बाबा त्याच्याशीच भांडायला लागले, आजोबा कुणाला म्हणतोस म्हणून, आणि काका तिथेच उभा, कारण 'जा' असं कुणी म्हणालंच नव्हतं. शेवटी मी म्हटलं, "काका, पळ की!" तेव्हा गेला.

एकविसाव्याला आत्याने घडीची खुर्ची मांडून ठेवलेली. खुर्ची! "बैस. मोजे ओले झालेत, बदल." काका म्हणाला, "ताई, आत्ता नको..." आत्या म्हणाली, "मी काय परकी आहे?" बसला. तिने स्वतः त्याचे मोजे ओढून काढले, तळवे पुसले, पावडर लावली, आईने तोवर एक अख्खं केळं त्याच्या तोंडात कोंबलं, बाबांनी फोटो काढला, डोळे मिटले म्हणून परत काढला. मी घड्याळ दाखवत नाचतोय, "अहो, सोडा त्याला! मला एकला पोचायचंय!" तर आत्या शांतपणे म्हणते, "तुला कसली घाई? तू काय, मोकळाच आहेस!"

बत्तिसाव्याला काका आला तो वेगळाच. ओठ पांढरे, पायांत गोळे, नऊ वीस झालेले. आणि बाबांनी गाडीचं मागचं दार उघडलं. "बस आत. शेवटच्या वळणावर सोडतो, तिथून पळ. कुणाला कळणारे?"

"बुटाला चिप आहे बाबा. मधल्या प्रत्येक पट्टीवर पाय पडला की नोंद होते."

"तू गप्प बस आणि गाडी सुरू कर."

आता खरं सांगतो, मी सुरू करणार होतो. का नाही? उरलेले दहा किलोमीटर काकाला निदान पावणेदोन तास, म्हणजे माझं एक वाजता पोचणं गेलं. गाडीत घातला की पंधरा मिनिटांत सगळं आटोपतं, सव्वाबाराला मी घरी, साडेबाराला दुकानासमोर. किल्ली फिरवायची, बास. आणि काका बसतच होता हो, थांबायची सवय! एक पाय आत ठेवला त्याने. दुसरा बाहेर, रस्त्यावर. आणि तो बाहेरचा पाय चालूच होता! टाच वर, टाच खाली, टाच वर, टाच खाली... बाकीचा काका गाडीत आणि तेवढा एक पाय शर्यतीत.

मी विचारलं, "काका, तुला काय करायचंय?"

त्याने आधी आत्याकडे पाहिलं, मग बाबांकडे. मग जमिनीकडे बघून म्हणाला, "पळायचंय रे."

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "ऐकलंत? का ऐकायलाही चष्मा लागतो? आठ महिने तो तुमच्यापासून लपून पळतोय आणि तुम्ही इथेही येऊन बसलात त्याच्या मानगुटीवर!" आई म्हणाली, "मोठ्यांशी असं बोलतात?" मी म्हटलं, "मोठे असं वागतात?" काकाला बाहेर ओढला, तिघांना उतरवलं, गाडीला कुलूप लावलं, किल्ली खिशात. कारण मी तिथेच राहिलो असतो तर पुढच्या चौकात पुन्हा ते तिघे, पुन्हा खुर्ची! निघालो त्याच्याबरोबर. पायात चपला.

मागून बाबांची हाक आलीच. "थांब!" आणि काका... थांबला! मी पाठीत दोन्ही हात लावून ढकलला त्याला, कपाट ढकलतात तसा. पुढच्या वळणावर परत हाक आली. या वेळी नुसता अडखळला. त्यानंतर हाक ऐकू येईना, तर हा मागे वळून बघतोय, कुणी बोलावत का नाही म्हणून!

पळता पळता वस्तादांना फोन लावला. "दोनला आलो तर?" ते म्हणाले, "दीडला दुसरा मुलगा येतोय," आणि ठेवला. काका धापा टाकत विचारतो, "कोणाचा फोन?" म्हटलं, "कुणाचा नाही. तू नाकाने श्वास घे."

अकरा वाजून बारा मिनिटांनी संपली त्याची शर्यत. रेषा ओलांडून काका खाली बसला आणि लहान मुलासारखा हुंदके देऊन रडला. मी बाजूला उभा राहून चपलेचा तुटलेला अंगठा बघत होतो, दुसरं काय करणार?

ते तिघे रिक्षाने आमच्या आधीच पोचलेले. आत्याने काकाच्या गळ्यातलं मेडल काढून स्वतःच्या गळ्यात घातलं, "आपण नसतो तर याला झेपलं असतं का?" म्हणाली, आणि फोटो काढवला. त्या फोटोत काका नाही. फोटो काकाने काढलाय. मग बाबा दीड तास माझ्या उद्धटपणावर बोलले, मग सगळे निवांत जेवले, मी म्हटलं निघूया, तर चौघांतल्या तिघांचं एकच उत्तर, "तू काय, मोकळाच आहेस!" काका तेवढा उठून उभा राहिला.

चार वाजता दुकानाशी पोचलो. दुसरा मुलगा आत चाक फिरवत होता, सरळ फिरत होतं. वस्तादांनी मान वर केली नाही.

माझं गेलं एवढंच. ती नोकरी आणि डाव्या पायाच्या अंगठ्याचं नख. नख परत येतंय.