वीस पोती भुसा

आजच्या समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरील मान्यवर पाहुणे, आज निवृत्त होणारे सत्कारमूर्ती आपले स्वच्छता निरीक्षक, त्यांच्या सौभाग्यवती, माझे सहकारी आणि सभागृहात जमलेल्या बंधू-भगिनींनो,

मला पाच मिनिटं दिली आहेत. सूत्रसंचालक बाईंनी मघाशीच कानात सांगितलं, गोड बोला. मी पडलो भांडारपाल, भांडारात असेल तेच देऊ शकतो. तरी प्रयत्न करतो.

सत्कारमूर्तींना आपण सगळे बादलीमामा म्हणतो. हे नाव कोणी ठेवलं? मीच ठेवलं. सहा वर्षांपूर्वी, आत्ता जिथे पाहुण्यांचं टेबल आहे ना, तिथे उभं राहून त्यांनी आपल्याला बिनपाण्याचा संडास शिकवला होता. पूर आला की नळ बंद होतात, गटारं उलटी वाहतात, मग या निवारा केंद्रात आलेल्या सहाशे माणसांनी जायचं कुठे, असा त्यांचा प्रश्न. सभागृहात खसखस पिकली. मग त्यांनी एक बादली ठेवली, वर लाकडी बैठक ठेवली आणि अंगावरच्या कपड्यांसकट तिच्यावर बसून दाखवलं. लघवी वेगळी, बाकीचं बादलीत, आणि प्रत्येक वेळी वरून दोन ओंजळी कोरडा लाकडाचा भुसा. भुसा पडला की वास नाही, माशी नाही. भरलेली बादली मागच्या अंगणातल्या खड्ड्यात रिकामी करायची, दीड वर्षाने त्याची माती होते. आपण किती हसलो होतो, आठवतं? मी तर डोळे पुसत होतो.

जाता जाता सांगतो, मान्यवरांच्या हातात जे गुच्छ आहेत त्यांतली फुलं मागच्या अंगणातलीच आहेत. त्या शिकवणीनंतर मामा वर्षभर स्वतः ती बादली वापरत होते; ती माती कशाची, हे त्यांनाच विचारा. अध्यक्षसाहेब, असू द्या हातात, पुरती मुरलेली आहे.

तर भुसा. सुतारांच्या दुकानांतून मामांनी तो स्वतः झाडून आणला, उन्हात वाळवला, पोत्यांत भरला आणि माझ्या भांडाराच्या माळ्यावर रचून ठेवला. वीस पोती. दर महिन्याला यायचे आणि पोत्यात कोपरापर्यंत हात घालून बघायचे, दमट तर झाला नाही ना. मी म्हणायचो, मामा, नातवाचा ताप बघावा तसं बघताय. ते हसायचे आणि पोत्याचं तोंड पुन्हा बांधायचे.

गेल्या वर्षी आपल्या कार्यालयाचा वर्धापनदिन मोठ्या थाटात झाला. दोन दिवस आधी पाऊस पडून अंगणात चिखल झाला होता. अध्यक्षसाहेबांची गाडी रुतू नये म्हणून वरून चिठ्ठी आली, भांडारातला भुसा फाटकापासून पायऱ्यांपर्यंत पसरावा. मामांना कळलं तसे ते धावत आले. चिडले नाहीत. एवढंच म्हणाले, "दोन पोती तरी राहू द्या."

आणि मी काय म्हणालो? "अहो मामा, भुसाच तो. पुन्हा मिळेल."

वीसच्या वीस पोती मी उभं राहून ओतायला लावली. अध्यक्षसाहेबांचे बूट अगदी कोरडे राहिले. फोटोत दिसतात.

तीन आठवड्यांनी पूर आला. सुतारांची दुकानं आधी बुडाली. सहाशे माणसं या सभागृहात चार दिवस होती. बादल्या होत्या, बैठका होत्या, पडदे होते. फक्त भुसा नव्हता. मामांनी जुनी वर्तमानपत्रं फाडून टाकली, गाद्या उसवून कापूस टाकला. कशाने काही भागलं नाही. दुसऱ्या दिवसापासून इथे काय झालं ते मी वर्णन करत नाही. तुमच्यापैकी बरेच जण इथेच होतात, आणि चहा-नाश्ता अजून व्हायचा आहे. बायकांनी मात्र पाणी पिणंच सोडलं. पाणी प्यायलं की जावं लागतं, म्हणून.

त्यांत माझी आई होती. तो तिसऱ्या रांगेजवळचा खांब दिसतो का? तिथे तिची सतरंजी होती. तिला मूत्रपिंडाचा जुना त्रास. पेला पुढे केला की म्हणायची, "मला तहानच नाही रे." मी तिला पुन्हा विचारलं नाही, कारण खरं उत्तर काय आहे ते मला ठाऊक होतं. पाणी ओसरल्यावर तिला दवाखान्यात नेलं. तिसऱ्या दिवशी ती गेली.

मग रीतसर चौकशी झाली. निवारा केंद्रात आवश्यक साठा का नव्हता? मी गप्प बसलो. चिठ्ठी माझ्या खिशात होती. कार्यालयाला काही आठवलं नाही, अध्यक्षसाहेबांनाही आठवलं नाही. मामा उठून म्हणाले, साठा माझ्या जबाबदारीचा होता. त्यांच्यावर ठपका आला. त्यांच्या सेवापुस्तकात तो शेरा आजही आहे. मघाशी वाचलेल्या मानपत्रात 'दूरदृष्टी' हा शब्द तीनदा आला, मी मोजला. शेऱ्यावर आणि मानपत्रावर सही एकाच हाताची आहे.

पुढे एकदा धीर करून मी त्यांना विचारलं, माझं नाव का नाही घेतलंत? मामा म्हणाले, "तुझी आई जाऊन आठ दिवस झाले होते. त्यात आणखी हे कशाला?"

मामा, तेव्हा मला तुमचा राग आला होता. तुम्ही चार शिव्या दिल्या असत्यात तर मला झोप लागली असती.

बाई, घंटी वाजवू नका, संपवतोच. अध्यक्षसाहेब, ही ती चिठ्ठी. खाली 'वीस पोती दिली' असं लिहून माझी सही आहे. तुमच्या गुच्छाशेजारी ठेवतो. आधी यांचा शेरा पुसा, मग यांना निरोप द्या. आणि पावसाळा दीड महिन्यावर आला आहे, माळा अजून रिकामाच आहे, तेवढंही कोणीतरी टिपून घ्या.

मला बोलू दिलंत, संयोजकांचा आभारी आहे. पुन्हा बोलू देतील असं वाटत नाही. बोलण्यात काही उणं-अधिक झालं असेल तर सभागृहाने ते पदरात घ्यावं. माझी चूक मात्र, मामा, तुम्ही आता पदरात घेऊ नका. एकदा घेतलीत, आणि त्या दिवसापासून मला मान वर करून तुमच्याकडे बघता आलेलं नाही.